टेकूसकट घेतलेली परीक्षा

स्लॅबचं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. घराचं छत ओतायचं म्हणजे खाली फळ्यांचं तात्पुरतं छत करायचं, त्याला लाकडी टेकू द्यायचे आणि प्रत्येक टेकूच्या बुडाशी पाचर ठोकून तो आवळायचा. फळ्यांवर सळ्या, सळ्यांवर काँक्रीट. काँक्रीट सेट झालं की पाचरी उडवायच्या आणि टेकू काढायचे. छत झालं की नाही ते तेव्हा कळतं. तोवर वर दिसतं ते नुसतं टेकूंवर झोपलेलं ओझं.

माझं आयुष्य या कामात गेलं. आता गुडघे बोलतात, म्हणून घरी असतो. ज्या मुकादमाच्या हाताखाली मी राबलो तो आमच्याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतो आणि अजून कामावर जातो. त्याच्या छातीनं मध्यंतरी आम्हा सगळ्यांना घोर लावला होता. आता तो घोर उतरलाय, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

त्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. माणूस तसाच आहे. उंच, काटकुळा आणि डोकं जड. वहिनी, म्हणजे त्याची बायको म्हणते, "जड नाही भावजी, आत सिमेंट आहे. पाणी घालाल तेवढं घट्ट होतं."

त्याचा एक नियम होता. पहिला टेकू काढायचा तो मधला, आणि तो काढताना छताखाली फक्त त्यानं एकट्यानं असायचं. इंजिनियर बाहेर, मालक बाहेर, गडी बाहेर, मीही दाराशी. हा आत जाणार, मान वर करून एकदा छताकडे बघणार आणि पाचरीवर हातोडा घालणार. ज्यानं टेकू लावले त्यानंच पहिल्यांदा खाली उभं राहायचं, एवढंच त्याचं म्हणणं. कुणी शहाण्यानं विचारलं, "आणि छत आलं खाली तर?" तर म्हणायचा, "मग मुकादम बदला." छत कधी आलं नाही. येणार कसं? एकेक पाचर तो स्वतः हात लावून तपासायचा. कामचुकारांना त्याच्याकडे जागा नव्हती. मला तो आवडायचा तो याचसाठी.

एका शाळेच्या इमारतीचं काम चालू होतं. तो जिना चढत होता. खांद्यावर काही नाही, हातात काही नाही. अर्ध्यात तो पायरीवर बसला. ओळंबा साइटवर बसलेला कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे गड्यांना वाटलं पायरीची लेव्हल बघतोय. दोघं तर त्याच्यामागे शांत उभे राहिले, आता शिव्या पडणार म्हणून. शिव्या पडल्या नाहीत तेव्हा ते घाबरले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, औषधं लिहून दिली. एक रक्त पातळ ठेवणारी गोळी. एक हृदयाला पळू न देणारी, म्हणजे ठोके कमी ठेवून त्याची मेहनत वाचवणारी. आणि एक बारीक गोळी खिशात ठेवायची, दुखलं तर जिभेखाली धरायची. दुखणं थांबलं. तरी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन परीक्षा करून या, असं डॉक्टर म्हणाले. सरकत्या पट्ट्यावर चालवतात, दमवतात आणि मशीनखाली घालून हृदयाचे फोटो काढतात. दमल्यावर हृदयाला सगळीकडे रक्त पोचतं की नाही ते फोटोत दिसतं.

त्या परीक्षेला त्याची लेक त्याच्याबरोबर गेली. दुपारी तिचा फोन आला, "काका, आईला सांगा, फोटो स्वच्छ आलेत." मी वर जाऊन सांगितलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकली आणि तशीच खाली बसली. त्या दिवशी तिनं केलेल्या चहात इतकी साखर होती की चमचा उभा राहिला असता. आम्ही सगळे सुटलो असं धरून चाललो.

मग हृदयाच्या डॉक्टरबाईंना भेटायचं होतं. वहिनीनं मला गाठलं. "भावजी, हे घरी येऊन अर्धंच सांगतात. तुम्ही जा आणि सगळं ऐकून या."

गेलो. बाई तरुण होत्या, केस करकचून बांधलेले, बोलणं मोजकं. समोरच्या पडद्यावर बांगड्यांसारख्या रंगीत कड्या होत्या. म्हणाल्या, हेच यांचं हृदय, आडवे काप केल्यासारखं.

"चित्र चांगलं आहे काका. परीक्षेच्या दिवशी गोळ्या घेतल्या होत्या?"

"घेतल्या की. बायको सोडते होय?"

"बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"हं." त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "या परीक्षेआधी कधी आम्ही गोळ्या चालू ठेवतो, कधी बंद करतो. काय विचारायचंय त्यावर ते ठरतं. गोळ्या चालू असल्या तर कळतं, गोळ्यांच्या मदतीनं तुमचं कसं चाललंय. त्याचं उत्तर आलंय, ठीक चाललंय. पण मुळात रक्ताच्या नळ्या किती बिघडल्यात ते मला यातून पुरतं कळत नाही. ती गोळी हृदयाला पळूच देत नाही. तुमचे ठोके हवे तेवढे वाढलेच नाहीत. दमला असतात तर एखादी जागा उघडी पडली असती, ती कदाचित झाकली गेली असेल."

"म्हणजे नापास."

"नापास नाही हो. गोळ्या घेऊनसुद्धा चित्र खराब आलं असतं तर मला खरी काळजी वाटली असती. ते सगळ्यात वाईट. गोळ्या बंद असताना चित्र स्वच्छ आलं तर सगळ्यात निर्धास्त. तुमचं स्वच्छ आहे, पण गोळ्या चालू असताना. पुढच्या काही वर्षांबद्दल बोलताना या चित्रावर मी थोडा कमी भरवसा ठेवीन, एवढंच."

ओळंब्यानं खुर्ची पुढे ओढली. मग त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. "स्लॅबखाली उभं राहू का?"

"कशाखाली?"

मी समजावून सांगितलं. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "आणि तिथं तुम्हाला काही झालं तर?"

"तर बाहेरचे मला ओढायला आत येणार," तो म्हणाला. "टेकू सुटायला लागलेले असताना. मला त्याची भीती आहे. माझं काय, माझं झालंय."

"तुमचं काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मग आत्ता तरी नको. महिनाभरानं या, परीक्षा पुन्हा घ्यायची का ते तेव्हा ठरवू. बिघाड मोठा निघाला तर ऑपरेशनचा विचार करू, आणि मग ते काम विसरायचं. तोवर गोळ्या चालू ठेवायच्या."

शेवटचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. कान त्यालाही होते.

परतताना तो गाडीत एवढंच म्हणाला, "टेकूसकट परीक्षा घेतली आणि मला पास केलं." आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ओळंबा तक्रार करतो तोवर ठीक असतं. गप्प बसला की काहीतरी करतो.

त्यानं केलं ते असं. वहिनी सकाळ-संध्याकाळ त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची. तो ती तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा आणि गॅलरीत जाऊन कुंडीत थुंकायचा. गोळीशिवाय आपली छाती कुठवर टिकते ते त्याला बघायचं होतं. स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यायची होती, हॉस्पिटलाबाहेर, आमच्या जिन्यावर.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी मी दार उघडं टाकून बसलो होतो. त्याची पावलं मला ओळखू येतात. खालून चढत आला, माझ्या मजल्याला पोचला आणि पावलं थांबली. बाहेर आलो तर हा कठडा धरून उभा. चेहरा ओल्या सिमेंटसारखा. शर्टावर घाम.

"काय रे?"

"छातीत पंप सुरू झालाय," म्हणाला. "बंद होत नाही."

त्याच्या खिशातली बारीक गोळी काढून मी त्याच्या जिभेखाली ठेवली. त्याला पायरीवर बसवला, वहिनीला हाक मारली, शेजारच्याला गाडी काढायला सांगितली. गुडघे दुखताहेत याची आठवण मला हॉस्पिटलात पोचल्यावर झाली.

तारा लावल्या, रक्त तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं. हृदयाला इजा झाली नव्हती. संध्याकाळी डॉक्टरबाई खाटेपाशी आल्या तेव्हा मी आणि वहिनी दोघंही तिथं होतो.

"गोळी कधी बंद केलीत?"

"बंद?" वहिनी म्हणाली. "अहो, मी रोज हातावर..." ती थांबली. नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीकडे बघत होता, भिंत ओळंब्यात नसल्यासारखा.

"कुंडीत," तो म्हणाला.

 वहिनीनं पदर खोचला, आणि आता हा माणूस वाचत नाही असं मला वाटलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. "हृदयाला या गोळीची सवय होते. एकदम काढली की दाबलेल्या स्प्रिंगसारखं उसळतं. पहिल्यापेक्षा जास्त जोरात धावतं. चांगल्या नळ्या असलेल्याला त्रास होतो, तुमच्यासारख्याला झटकाही येऊ शकतो. हे मी त्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तुम्हीही विचारायला हवं होतं."

मला राहवेना. "ओळंब्या, तुझ्या गड्यानं सगळे टेकू एका दमात पाडले असते तर तू काय केलं असतंस?"

"हाकलला असता."

"कुठवर?"

"दिसेनासा होईपर्यंत."

"मग तुझं काय करायचं ते सांग."

त्यानं डोळे मिटून घेतले. हसू येत होतं, पण वहिनी समोर होती.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला गोळ्यांशिवाय परीक्षा हवी आहे ना? मलाही हवी आहे. पण माझ्या पद्धतीनं. आधी थोडे दिवस गोळी पूर्ववत. मग अर्धी. मग त्याच्या अर्धी. मग बंद, आणि लगेच परीक्षा. प्रत्येक टप्प्याला मला फोन करायचा. या काळात जिने नाहीत, वजन नाही, साइट नाही. दुखलं तर जिभेखाली गोळी आणि तडक इथं."

"मधून सुरू करायचं, कडेला यायचं, मधे मधे थांबून ऐकायचं," ओळंबा म्हणाला. "कळलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "टेकू असे काढतात," मी म्हणालो. "त्याला खरंच कळलंय."

घरी वहिनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. सगळा कारभार माझ्यामार्फत. तो हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि ती मला विचारायची, "भावजी, त्यांना चहा हवाय का विचारा." मी विचारायचो. तो मला सांगायचा, "हवाय म्हणावं." लेक आली की कपाळाला हात लावायची. "काका, यांच्यापेक्षा तुमच्या गुडघ्यांचं आधी ऑपरेशन होईल, वरखाली करून करून." कुंडीतलं झाड मात्र टवटवीत होतं. वहिनी जाता-येता त्याला ऐकवायची, "तुझे तरी ठोके नीट आहेत ना रे?"

जिने नाहीत म्हणजे तो घरातच अडकला असता, म्हणून शेजारच्यानं आणि मी धरून त्याला खुर्चीसकट एकदा माझ्या मजल्यावर उतरवला. मग परीक्षेपर्यंत तो माझ्याकडेच राहिला. मी त्याला वाकडे खिळे आणि एक विटेचा तुकडा दिला. बसल्या बसल्या खिळे सरळ करायचा. त्यातही आळस नाही. एकेक खिळा डोळ्यासमोर धरून बघणार, मनासारखा झाला नाही तर परत ठोकणार, हळू, बोटांनी ठोकल्यासारखा. माणसाचं काम बघायचं तर त्याला फालतू काम देऊन बघावं. बसून राहणं हे त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात कष्टाचं काम असेल, पण तेही त्यानं चुकारपणा न करता केलं. गोळी आता वहिनीसमोर घ्यायची, मग तोंड उघडून दाखवायचं. दाखवायचा.

शाळेचं छत तोवर सेट झालं होतं. इंजिनियरचा फोन आला, दुसरा मुकादम पाठवू का. ओळंबा म्हणाला, "थांबा. टेकू जास्त दिवस राहिले म्हणून छताचं काही बिघडत नाही." फोन ठेवून पुढचा खिळा उचलला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खोली लहान, थंड. मधोमध सरकता पट्टा, त्याला दोन्हीकडून दांड्या. मशीनवाला गडी अंगानं भरलेला आणि मोकळा होता. ओळंब्याच्या छातीवर तारा चिकटवता चिकटवता म्हणाला, "काका, रस्ता तुमच्या पायाखाली येणार. तुम्ही फक्त चालायचं."

"पोचणार कुठं?"

"आहात तिथंच."

"मग एवढी घाई कशाला?"

पट्टा सुरू झाला. थोड्या थोड्या वेळानं वेग वाढायचा आणि पुढची बाजू उचलली जायची, चढण लागल्यासारखी. ओळंब्यानं दांडी घट्ट धरली. गडी लगेच म्हणाला, "दांडीवर भार नाही द्यायचा काका. नुसती बोटं ठेवा. भार दिलात तर मेहनत कमी होते आणि फोटो खोटा येतो."

ओळंब्यानं वळून माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलात त्याला पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोलणारा माणूस भेटला होता. बोटं अलगद ठेवून तो चालायला लागला, मान वर, पाठ सरळ. पडद्यावरचा आकडा चढत गेला. मागच्या वेळी जिथं अडकला होता त्याच्या वर गेला. डॉक्टरबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. हाताला टोचलेल्या सुईतून फोटोसाठी लागणारं औषध सोडलं.

"अजून थोडं. काही वाटतंय?"

मला त्याची खोड माहीत होती. पायात खिळा घुसला तरी हा संध्याकाळपर्यंत सांगत नसे. मी दाराशी उभा राहून मनात म्हणालो, आता नको रे बाबा.

"छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "आत्ताच ठेवला."

पट्टा हळूहळू थांबवला. त्याला निजवलं. हात ठेवणाऱ्यानं थोड्या वेळात हात काढून घेतला. पण तो आला होता हे खरं, आणि वहिनीनं ते ऐकलं होतं. फोटो निघेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती पिशवीत हात घालून बसली होती. मला वाटलं पाण्याची बाटली शोधतेय. ती गोळ्यांची डबी मुठीत धरून बसली होती.

"भावजी," ती म्हणाली, "ऑपरेशन म्हणाले तर यांना कोण समजावणार?"

"तू. पण आधी बोलायला सुरुवात कर."

आत बोलावलं तेव्हा पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. जुनं आणि नवं. नव्यातल्या एका कडीचा एक कोपरा फिका होता, भिंतीचा छोटा पोपडा निघाल्यासारखा.

बाईंनी बोट ठेवलं. "गोळ्या बंद असताना, पूर्ण दमल्यावर, इथं रक्त थोडं कमी पडतं. जागा लहान आहे, आराम केल्यावर भरून येते. हृदयाचा जोर चांगला आहे. आणि हेच मागच्या चित्रात बघा, गोळ्या चालू होत्या तेव्हा. हा डाग दिसतही नाही. म्हणजे गोळ्या त्यांचं काम चोख करताहेत."

"ऑपरेशन?" वहिनी म्हणाली.

"आत्ता गरज नाही. त्या दिवशी मी म्हणाले होते, एक सगळ्यात निर्धास्त आणि एक सगळ्यात वाईट. हे मधलं आहे, आणि मधल्यातलंही बरं. नुसतं पहिलं चित्र बघून मी बहुतेक हेच सांगितलं असतं, पण चाचपडत. आता बघून सांगतेय. गोळ्या कायम. वर्षानं पुन्हा तपासू. दुखणं वाढलं तर त्याआधीच यायचं."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझाही. पण ओळंबा त्या फिक्या कोपऱ्याकडेच बघत राहिला.

"म्हणजे मी टेकूवरच उभा आहे," तो म्हणाला. "टेकू काढले की छत खाली."

मी काहीतरी बोलणार होतो, पण वहिनी आधी बोलली. कुंडीनंतर पहिल्यांदा, थेट त्याच्याशी. "वरच्या मजल्याचं काँक्रीट ओतता तेव्हा खालच्या मजल्याचे टेकू काढता का हो?"

"नाही."

"का? खालचं छत कच्चं असतं?"

"कच्चं कशाला असेल? वरचं ओझं जास्तीचं असतं. टेकू ते वाटून घेतात."

"मग?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे तू कुठं शिकलीस?"

"जेवताना. दुसरं काय बोलता तुम्ही घरात?"

डॉक्टरबाई हसल्या. "मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते. तुमच्या घरी सोप्या भाषेत झालं."

ओळंब्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. मी त्याला इतकी वर्षं बघतोय, मला ते दिसलं. मग त्यानं मूळ प्रश्न पुन्हा काढला.

"स्लॅबखाली उभं राहू?"

"गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची, सांगते तशी वाढवत न्यायची. ती पूर्ववत झाली की कामावर जा. जिने सावकाश. ओझं उचलायचं नाही. गड्यांवर ओरडणं कमी. उभं राहा खुशाल."

"आणि हातोडा?"

"किती?"

"एक घाव."

"एक चालेल. दहा नाही."

"दहा लागले तर पाचर मीच चुकीची ठोकली असं समजेन," ओळंबा म्हणाला.

बाहेर आल्यावर वहिनी व्हरांड्यात थांबून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. मशीनवाला गडी बाजूनं चालला होता, त्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही झालं. तेच तर." तिनं डबी उघडून नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवली. त्यानं ती गिळली आणि तिनं न सांगता तोंड उघडून दाखवलं, भर हॉस्पिटलात. लोक बघत होते.

शाळेचे टेकू काढायच्या दिवशी मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. जिना तो माझ्याइतक्याच हळू चढला, त्यामुळे आम्ही दोघं एकदम वर पोचलो. असं कधी झालं नव्हतं. नेहमीसारखे सगळे बाहेर काढले. इंजिनियर बाहेर, गडी बाहेर, मी दाराशी. खाली टेकूंचं रान उभं, मध्ये तो. मान वर करून छताकडे बघितलं. मधल्या टेकूच्या बुडाशी वाकला आणि एक घाव घातला.

पाचर हलली नाही. छताला रोज पाणी मारलं होतं, लाकूड फुगलं होतं. कुणाचीच चूक नाही, असं होतं कधी कधी.

पूर्वी त्यानं दुसरा घातला असता, तिसरा, दहावा. पाचर निघेपर्यंत. तो हातोडा हातात धरून सरळ उभा राहिला. बाहेर कुणी हलेना. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो, आणि मला त्याच्या अंगातला दुसरा घाव दिसत होता. खांदा वर जातोय, जातोय, आणि गेला नाही.

मग दाराकडे वळला. "ये रे आत."

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्या टेकूला कुणाला आत बोलावलं नव्हतं. मी आत गेलो. त्यानं हातोड्याचा दांडा माझ्या हातात दिला.

"बाजूनं, थोडा तिरका. वर उचलून नको, गुडघे जातील तुझे."

"आता तू मला शिकव."

"शिकवतोच आहे. अजून वाकडाच धरतोस."

एक घाव घातला. पाचर चरकली. दुसऱ्याला सुटून भिंतीपर्यंत गेली. टेकू सैल झाला, ओळंब्यानं तो हातानं धरून अलगद आडवा केला. वर फळी काँक्रीटपासून सुटल्याचा बारीक आवाज आला. मग काही नाही. टेकू काढताना आपण ऐकत असतो ते हेच, काही नाही.

आम्ही दोघं मान वर करून उभे होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. वहिनीचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला.

"घेतली का?"

"घेतली."

"कुठं?"

"पोटात. भावजींना विचार."

"आणि छत?"

"उभं आहे."

"दोन्ही ना?"

त्यानं छताकडे बघितलं. "दोन्ही," म्हणाला.

फोन खिशात ठेवून त्यानं गड्यांना आत हाक मारली आणि कडेपर्यंत कुठून कसं जायचं ते दाखवलं, आवाज न चढवता. एकानं विचारलं, "मुकादम, खालच्या मजल्याचे पण आजच काढू का? पुढच्या आठवड्यात वरचं ओतायचंय."

"मग ते का काढतोस?" ओळंबा म्हणाला, आणि थोडा ओरडलाच. मी घसा खाकरला. त्यानं आवाज खाली आणला. "राहू दे ते. आणि या काकांना खुर्ची आण. दोन घावांत दमलेत."

दमलो नव्हतो. पण बसलो. उजवा दंड पुढे आठवडाभर दुखत होता. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "पट्ट्यावर चालून या एकदा तुम्हीही."